लेकीची गूळतुला

नवस बोलताना माणूस घाबरलेला असतो, आणि आपण काय कबूल करतोय याचं भान त्याला नसतं. माझं तसंच झालं. लेक दवाखान्यातून घरी आली, पण तो नवस फेडायचा तर तिला काय करायला सांगावं लागणार, हे लक्षात आल्यावर तिच्यासमोर उभं राहण्याची माझी हिंमत होईना. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी मुळातच कमी बोलणारा. घरात मात्र एकाच विषयावर फार बोललो, त्याचीच ही हकीकत.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. खडकीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि विश्रांतवाडीत घर केलं. रश्श्यावरची तेलकट तर्री खाऊन वाढलेला माणूस मी. हृदयाच्या नळीत अडथळा निघाला तेव्हा डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं. मी बंदच केलं. दूध-तूपही सोडलं. कांदा पाण्यावर परतायचा, भाजी वाफेवर, पोळी कोरडी. त्याचा मला गुण आला, हे खरं आहे. जिना चढताना धाप लागेनाशी झाली, रिपोर्ट सुधारले. तिथेच थांबायला हवं होतं. पण अंगावरचं वजन उतरलं तसा डोक्यात अहंकार चढला. घरातला तेलाचा डबा मी शेजारी देऊन टाकला. बायको म्हणाली, "अहो, समईपुरतं तरी ठेवा. देवाचं कोलेस्टेरॉल अजून कुणी तपासलेलं नाही." मी हसलोसुद्धा नाही.

आमची एकुलती एक मनू लहानपणापासून अंगानं भरलेली. शिकली, चांगल्या कंपनीत लागली, पण मला तिच्यात दिसायचं ते वजन. मी करू शकतो तर ही का नाही, एवढंच डोक्यात. सकाळी पूजा आटोपली की विचारायचो, "काट्यावर उभी राहिलीस?" आकडा उतरला की शाब्बास म्हणायचो, चढला की गप्प बसायचो. ते गप्प बसणं तिला जास्त लागतं, हे मला ठाऊक होतं. सुरुवातीला ती थट्टा करायची, "बाबा, साबणातही तेल असतं. नुसत्या पाण्यानंच अंघोळ करू का?" पुढे थट्टा बंद झाली. आकडा मात्र उतरत राहिला, आणि मी नातेवाइकांना फोन करून तिच्या निश्चयाचं कौतुक सांगत राहिलो.

एका दुपारी तिच्या ऑफिसातून फोन आला. जिन्यात चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या हृदयाचे ठोके चुकत होते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "तेल सोडलं म्हणून झालेलं नाही हे. ही मुलगी जेवतच नाहीये. डबा रोज कुणाच्या पोटात जातो, विचारलंत कधी?" विचारलं नव्हतं. डबा रिकामा यायचा, मला तेवढं पुरत होतं.

बाहेरच्या बाकावर बसून मी हात जोडले. आळंदी रस्त्याला आमच्या घरापासून जवळच देवीचं देऊळ आहे. त्या देवीला म्हणालो, आई, माझी लेक वाचव, तिच्या भारंभार गूळ तुला वाहीन. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ. लहानपणी गावाकडे पाहिलेला हाच नवस तोंडातून निघाला. जिला मी रोज काट्यावर उभी करत होतो, तिला आता चारचौघांत तराजूत बसवायचं कबूल करून बसलो.

मनू घरी आली. मी काटा माळ्यावर टाकला. पण ती ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई आठवड्याला यायच्या, तिची आई जवळ घेऊन भरवायची, तरी घास उतरेना. आणि मला तर काही बोलायचा हक्कच उरला नव्हता. शेवटी एक दिवस धीर करून नवसाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आता देवीसमोरसुद्धा माझं वजन करणार?" "तुझी इच्छा नसेल तर देवीची क्षमा मागेन," एवढंच म्हणालो. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं, "चला. एकदाचं होऊन जाऊ दे."

काटा माळ्यावर टाकण्याआधीचा तिचा शेवटचा आकडा मला पाठ होता. देवीला कमी पडू नये म्हणून त्याहून थोडा जास्तच गूळ घेतला. देवळाच्या मंडपात मोठा तराजू टांगलेला होता. मनू मान खाली घालून पारड्यात बसली. गुरवानं समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या रचल्या, आणि सगळ्या रचून होताच ते पारडं धाडकन खाली टेकलं. माझी लेक वर अधांतरी लटकली. तिच्या सैल कुडत्याखाली काहीच उरलेलं नाही, हे मला त्या क्षणापर्यंत कळलेलं नव्हतं. ज्याला मी शाब्बास म्हणत आलो, ते समोर हवेत झुलत होतं.

"जास्त झालाय, काढा थोडा," गुरव म्हणाला. मी एक भेली उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो दादा, देवीच्या नावानं आणलेलं परत का नेता?" दर्शनाला आलेली एक आडव्या बांध्याची बाई, कडेवर नातू घेऊन उभी होती.

"मग काय करू, मावशी?"

"पोरीच्या मांडीवर ठेवा की! जिथं कमी पडलंय तिथं द्या." मग मनूकडे वळून म्हणाली, "धर गं बाई, लाजतेस काय? तू जितकी जड, तितकं देवीला जास्त. माझी गूळतुला केली ना, तर गुरवाला बसायला जागा उरायची नाही."

गुरव हसला. आणि मनू हसली. किती महिन्यांनी!

मी एकेक भेली उचलून लेकीच्या मांडीवर ठेवत गेलो. ती दोन्ही हातांनी धरत गेली. हळूहळू तिचं पारडं खाली येत माझ्या डोळ्यांसमोर स्थिरावलं. देवीकडे बघायचं मला सुचलंच नाही, मी तिच्याकडेच बघत होतो. "चुकलो गं," मी म्हणालो. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तिनं गाल माझ्या खांद्याला पुसला.

नंतर त्या बाईंना शोधलं, त्या निघून गेल्या होत्या. देवीच आली होती असं मी म्हणणार नाही. त्यांना बसही गाठायची असेल. पण जे शब्द मला वर्षानुवर्षं सुचायला हवे होते, ते त्या दिवशी त्यांच्या तोंडून आले, एवढं मला पुरेसं आहे. माझं पथ्य मी आजही पाळतो, ते माझ्या हृदयासाठी. लेकीचं शरीर मात्र मी त्या दिवशी देवीच्या आणि तिच्या स्वतःच्या हवाली केलं. तोवर ते मी माझंच समजत होतो.

त्या दिवशी देवळात महाप्रसाद होता. आम्ही पंगतीत बसलो. मी वरणभात घेतला. मनूच्या पानात वांग्याची भाजी पडली, वर लालभडक तेलाचा तवंग. तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मान डोलावली असती तरी ती माझीच परवानगी झाली असती. म्हणून मी नजर माझ्या पानात वळवली आणि मनातल्या मनात देवीचं नाव घेत जेवत राहिलो. थोड्या वेळानं शेजारून आवाज आला, "काकू, भाजी वाढा ना अजून."