पत्रकातला तिसरा परिच्छेद

जिवंत माणसाला न विचारता त्याचं उदाहरण करण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे. उत्तर सापडलं नाही, म्हणून आता पत्रकं लिहिणाऱ्या तुम्हा सगळ्यांनाही विचारते.

प्रशांतदादा गेल्याचा मावशीचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात होते, नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत. दादा माझा मावसभाऊ. कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहायचा, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर काम सुटलं आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. चार चार तास एका जागी... डाव्या हातात सुया, उजव्या हातात मोबाईल. मोबाईलवर तो एक ऑनलाइन गेम खेळायचा. त्यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि टोळी करून मोहिमेवर निघायचं. त्या गेमचा नवा भाग येणार होता. समुद्रापलीकडचा नवा मुलूख खुला होणार होता आणि तारीख सारखी पुढं जात होती.

बाबा चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबांच्या शेजारी बसून मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले, चौकात उभं राहून वाटायला शिकले. त्यामुळे मला सगळ्या गोष्टींवर मत होतं. दादाला भेटायला गेले की मी पहिला टोमणा मारायचे, "उघडलं का तुझं राज्य?"

"न्हाय की. परत म्होरं ढकललंय," तो हसायचा. "पर यंदा लई मोठं करत्यात म्हणं. बोटीनं जायचंय. माझं पात्र वैद्याचं हाय, तर त्याला..."

"दादा, बाहेर माणसं रस्त्यावर उतरलीत आणि तू बोटीनं कुठं निघालास?"

वैद्याला नव्या मुलुखात काय मिळणार होतं, हे मी त्याला एकदाही पुरतं सांगू दिलं नाही.

पुढं मी तरुणांसाठी एक पत्रक लिहिलं. आमच्या पत्रकांची एक ठरलेली रीत आहे. तिसऱ्या परिच्छेदात ओळखीचं उदाहरण द्यायचं, म्हणजे वाचणाऱ्याला टोचतं. मी लिहिलं, 'आपल्याच वसाहतीत एक तरुण आहे. एक हात सुईला, एक हात मोबाईलला. समाज पेटलेला असताना हा खोट्या राज्याचं दार उघडायची वाट बघत पडला आहे.' नाव घातलं नाही, आणि याला मी सभ्यपणा समजत होते. वसाहतीत डायलिसिसवर असलेला तरुण एकच होता. पत्रक घरोघर गेलं, चहाच्या टपरीवर चिकटलं. शेजारणीनं ते मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

पुढच्या भेटीत दादानं उशीखालून ते काढलं. "लिवलंस झ्याक," तो म्हणाला. "पर एकदा इचारायचं की गं मला. मी बी दोन वळी दिल्या असत्या."

मी काय म्हणाले असेन? "दादा, व्यक्ती महत्त्वाची नसते. प्रवृत्ती महत्त्वाची."

हे वाक्य मी त्याच्या तोंडावर बोलले. तो मान हलवून म्हणाला, "व्हय, तेबी खरंच."

त्यानंतर त्यानं डायलिसिसला मोबाईल नेणं सोडलं. मावशीनं हे मला तो गेल्यावर सांगितलं. "चार तास पंख्याकडं बघत पडायचा. का रं, म्हटलं, तर म्हणाला, माणसं हसत्यात." म्हणजे माझं पत्रक यशस्वी झालं होतं. एक तरुण पडद्यातून बाहेर आला होता... पंख्याकडं बघायला.

दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मावशीकडे मंगळवेढ्याहून एक टेम्पोचालक आला. मी त्याला ओळखत नव्हते. रिझवान त्याचं नाव. "आम्ही भाईच्या टोळीतले," तो दारातच म्हणाला. "एकमेकाला बघितलेलं न्हाई कुणी. मी बी आजच पहिल्यांदा बघतोय त्यांना, ते बी फोटोत."

मी त्याला चहा दिला आणि विचारलं, वैद्य म्हणजे नक्की काय करतो?

"ताई, लढायला आम्ही फुडं. भाई सगळ्यात मागं. कुणाची ताकद किती उरली, त्यांचं ध्यान तितंच. आणि त्यांचा एक नियम होता, मागं पडलेला आल्याशिवाय दार वलांडायचं न्हाई. दोन महिने झाले, भाई आलेच न्हाईत. निरोप धाडला तर म्हणाले, घरात जरा अडचण हाय."

ती अडचण मी होते. समोर बसलेल्या रिझवानला हे सांगायचं धाडस मला झालं नाही. हक्कांवर तासभर बोलू शकणारी मी, कपबशी उचलून आत गेले.

दादा गेल्यावर आठ दिवसांनी तो नवा भाग आला. मावशी त्याचा मोबाईल रोज चार्जिंगला लावते, का ते तिलाही सांगता येत नाही. त्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तर तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "बघ गं, काय इचारतोय ह्यो?" पडद्यावर लिहिलेलं होतं, नवा भाग उतरवून घ्यायचा का? मी वाचून दाखवलं.

"मग? व्हय म्हणू?"

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला. तिनंच पदरानं काच पुसली आणि बोट टेकवलं. मग त्याच्या रिकाम्या खाटेवर आम्ही दोघी ती सरकणारी पट्टी भरेपर्यंत बसून राहिलो. वैद्यासाठी त्यात काय होतं, ते आम्हाला दोघींनाही शोधता आलं नाही.

ते पत्रक परत घेणं आता माझ्या हातात नाही. म्हणून कुंभारी, चिंचोळीकडच्या वाचकांना विनंती करते. ते अजून तुमच्या भिंतीवर, टपरीवर, वहीत कुठं असेल, तर तिसरा परिच्छेद काळ्या शाईनं खोडा आणि शेजारी तुमच्या हातानं लिहा : याला आम्ही विचारलं नव्हतं.