देवमनची घोडी

देवमन इंगळे माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. पातूर तालुक्यात देवीची लस टोचायची त्याची सरकारी नोकरी. लहानपणी दर्यापूरकडच्या गावात त्यानं पाटलाची घोडी रोज धुतली. एकदा वर बसायला गेला तर चाबकाचा फटका खाल्ला. तेव्हापासून डोक्यात एकच खूळ. घोडी आपली, आणि वर आपण.

नोकरीत घोडाभत्ता मिळतो म्हटल्यावर गडी हरखला. कचेरीतले सगळेच तो भत्ता खात होते, घोडा मात्र एकाच्याही दारात नव्हता. एकोणसाठ साली या भोळ्या माणसानं खरोखरच घोडी आणली! तांबूस, ठेंगणी मैना. पहिल्यांदा वर बसला आणि ढसाढसा रडला. त्याला बघून कणगीत लपणारी गावोगावची पोरं आता मैनेपायी आपणहून दंड पुढं करू लागली.

मग अकोल्याहून साहेब घोडे तपासायला येणार असं कळलं आणि भत्तेखाऊंची तंतरली. त्यांचे वरिष्ठ बापूसाहेब गोड आवाजात म्हणाले, "देवमन, उद्या तुझी मैना आम्हा सगळ्यांनाच लागेल रे."

"घ्या न साहेब. तिचं काय झिजते!"

साहेब उतरले ते विश्रामगृह मी शिकवायचो त्या शाळेसमोरच. मी कुंपणाशी उभा राहून सगळा तमाशा बघितला. तपासणी हुद्द्याप्रमाणं. मैना आधी बापूसाहेबांची झाली. मग मागच्या बाजूला नेऊन खोगिरावरची चादर बदलली की दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. साहेब मुकाट सह्या करत होते. शेवटी देवमन तिला घेऊन उभा राहिला, तेव्हाच नेमके ते भडकले.

"ही तर बापूसाहेबांची घोडी! मला फसवतोस?"

देवमननं बापूसाहेबांकडं पाहिलं. ते घसा खाकरून म्हणाले, "होय साहेब, माझीच."

"मंग बसून दाखवा न तिच्यावर," देवमन म्हणाला.

बापूसाहेब जन्मात घोड्यावर चढले नव्हते. साहेबांना सगळं कळलं होतं, तोंडावर दिसतच होतं. पण आत बापूसाहेबांच्या घरून आलेलं जेवण वाढून ठेवलं होतं. "राहू द्या," म्हणत ते उठले, आणि भत्ता बंद झाला तो एकट्या देवमनचा. बाकीचे पान चघळत उभे. मला त्या तोंडांची किळस आली, आजही येते.

देवमननं खोगीर आवळलं, सगळ्यांदेखत मैनेवर बसला आणि लस टोचायला निघून गेला.

आठवड्यानं कचेरीतून विचारणा आली: वरिष्ठांची घोडी विनापरवानगी वापरल्याबद्दल खुलासा करावा.

"काय लिहिणार?" मी विचारलं.

तो मैनेला खरारा करत होता. "लिवतो, घोडी साहेबाची हाय त चारा बी साहेबानंच धाडावा."

आणि खरंच तसं लिहिलं. महिन्याभरात मेळघाटात बदली. हुकमावर शेरा होता: जवळ घोडा नाही. तो हुकूम खिशात कोंबून देवमन मैनेवर बसला आणि गेला.