तिसऱ्या फेरीतली जागा

दुपारचे अडीच वाजलेत. तीस तासांची ड्यूटी संपवून मी हॉस्टेलच्या खोलीत आडवी झाले आहे. पायातले बूट काढायचंही त्राण नाही. खाली अंगणात कुणीतरी बादल्या आपटतंय. तो आवाज मऊ होत होत लांब चाललाय. भूलशास्त्राच्या एम.डी.ला रुजू होऊन मला आज बावीस दिवस झाले. अजून आपण जागेच आहोत असं मला वाटतंय, आणि तेवढ्यात पलंगाच्या कडेवर कुणीतरी बसतं.

"बूट घालूनच झोपून राहिली का तू?"

हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही. चेहरा मात्र एकदा पाहिलाय, फोनवर. पांढरा कोट, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, आणि खाली लिहिलेलं, 'डॉ. शलाका वैरागडे, ब्रह्मपुरी. भावपूर्ण श्रद्धांजली.' प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत ही जागा तिला मिळाली होती. रुजू व्हायला येताना वाटेत त्यांच्या गाडीला ट्रकनं धडक दिली. वडील वाचले, ती गेली. रिकामी झालेली जागा तिसऱ्या फेरीत मला मिळाली.

फोटो छातीपर्यंतच होता. तीही तेवढीच आहे. त्याखाली चादरीचे पट्टे दिसताहेत.

"उठ," ती म्हणते. "ही माझी जागा आहे."

"हा पलंग मला वॉर्डननं दिलाय."

"पलंगाचं नाही बोलून राहिली मी."

मी उठून बसते, तर कॉलेजच्या शैक्षणिक विभागातल्या बाकावर. समोर खिडकी आहे. रोज तिथं ढवळे साहेब बसतात. आज काचेपलीकडे शलाका आहे. माझी मूळ कागदपत्रं तिच्यापुढं पसरलेली आहेत आणि ती एकेक कागद वाचतेय. वाचताना तोंड असं करतेय, जणू कागदांना वास येतोय.

"ऋजुता टाकसाळे. अंबाजोगाई. कितव्यांदा बसली होतीस परीक्षेला?"

"तिसऱ्यांदा."

"मी पहिल्यांदा. माझा नंबर तुझ्याहून अकराशेनं वर होता."

"मला काही माहीत नव्हतं," मी म्हणते. "यादीत जागा रिकामी दिसली. मी भरली. सगळेच भरतात."

"खोटं."

काउंटरवरच्या फोनचा रिसीव्हर आपोआप माझ्या कानाशी येतो. आत ढवळे साहेब बोलताहेत, तिसऱ्या फेरीआधी मी केलेल्या फोनवर बोलले होते तेच, "अहो मॅडम, त्या जागेची कॅन्डिडेट वारली हो. परवाच." आणि लगेच, मध्ये श्वासही न घेता, माझा आवाज, "मग ती जागा पुढच्या फेरीत नक्की येईल ना, सर?"

मी रिसीव्हर कानापासून ओढते. तो ओढला जात नाही. माझा आवाज पुन्हा तेच विचारतो. नक्की येईल ना, सर?

"आधी अरेरे तरी म्हणायचंस," शलाका म्हणते.

खिडकीच्या मागं आता आमच्या अंबाजोगाईच्या घराची पुढची खोली आहे. दारात चपलांचा ढीग. पप्पा नवा शर्ट घालून पेढे वाटताहेत, समोरच्या काकूंना बळंच दुसरा पेढा देताहेत. "पोरीनं नाव काढलं!" सगळे हसताहेत, मीही हसतेय. शलाका सोफ्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून.

"आज काय आहे माहीत आहे?" ती विचारते.

"निकाल. तिसऱ्या फेरीचा."

"माझी तेरवी आहे."

पप्पा तिच्यासमोरही पेढ्यांचा डबा धरतात. मी ओरडते, "पप्पा, तिला नको!" पण माझ्या तोंडातून आवाज निघत नाही, कारण तोंडात पेढा आहे. तो चघळला जात नाही, गिळलाही जात नाही. ती माझ्याकडे बघत बसते. मला तिची कीव येत नाही. मला तिचा राग येतो. आमच्या घरात, आमच्या आनंदाच्या दिवशी, न बोलावता येऊन ही अशी बसलीये.

मी पेढा हातावर थुंकते.

"मी काय करू मग? तीन वर्षं घासलीत मी. बरोबरीच्या मुलींची लग्नं झाली, पोरं झाली, मी त्याच चार पुस्तकांत. ट्रक मी चालवत नव्हते! जागा सोडून देऊ का? सोडली तर तुला मिळणार आहे?"

"नाही."

"मग कुणाला?"

"कुणालाच नाही. रिकामी राहील." ती चष्मा नीट करते, आणि मला कळतं की आता तिला हात आहेत. "रिकामी राहिली असती ना, तर ती माझीच राहिली असती."

हातावरचा पेढा कुठं टाकावा ते बघायला मी वळते. मी आडवीच आहे. वर ऑपरेशन थिएटरचा मोठा दिवा आहे, हातांना पट्टे बांधलेत. शलाका माझ्या डोक्याशी उभी आहे. हिरवी टोपी तिला मोठी होतेय. तिच्या हातात भुलीचा मास्क आहे.

"मला हे शिकायचं होतं," ती म्हणते. "आज शिकते."

"शलाका, नको."

"मोज. शंभरापासून उलटं."

ती मास्क माझ्या तोंडावर दाबते. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, भाजीच्या पातेल्यावर झाकण दाबावं तसं. नाकाचं हाड दुखतं. हवा येत नाही. मी मान झटकते, ती आणखी दाबते. तिला मला मारायचंय की तिला खरंच येत नाही, तेच समजत नाही. आणि मरणाच्या भीतीनं माझ्या तोंडून जे निघतं ते गयावया करणं नसतं. पहिल्या दिवशी मास्क धरायला शिकवणाऱ्या मॅडमनी मला ज्या सुरात सांगितलं होतं, त्याच सुरात मी मास्कच्या आतून ओरडते.

"खाली दाबू नको! जबडा वर उचल! डावा हात फक्त. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, मधली दोन जबड्याच्या हाडावर. हाडावर, मऊ भागावर नाही! करंगळी कोपऱ्यामागं. कानाखाली. तिथून उचल!"

तिचा हात थांबतो.

"इथं?"

"अजून मागं."

बोटं सरकतात. थंड, अनोळखी बोटं, माझी पहिल्या दिवशी चाचपडत होती तशीच चाचपडणारी. मग जबडा अलगद वर उचलला जातो आणि छातीत भसकन हवा शिरते.

"आलं मला," शलाका म्हणते. ते माझ्याशी बोललेलं नाही. तिचा चेहरा उलटा, माझ्यावर वाकलेला आहे, आणि त्यावर माझ्याबद्दल माया तर सोडाच, दयाही नाही. "मोज म्हटलं ना."

"शंभर," मी म्हणते. "नव्व्याण्णव."

"ए ऋजुता! ओरडतेस काय अशी?"

माझी रूममेट नाझनीन मला हलवतेय. ती पॅथॉलॉजीची, आत्ताच जेवून आली आहे, हाताला साबणाचा वास आहे. खिडकीतून सरळ ऊन माझ्या तोंडावर पडलंय. मी उठून बसते, घोटभर पाणी पिते. गिळताना डावीकडं दुखतं.

"हे काय झालंय गं?" ती माझी हनुवटी धरून मान उजवीकडं वळवते. "कुठं आपटलीस का?"

मी हात लावून बघते. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागं, करंगळीच्या टोकाएवढा एकच निळसर डाग. दाबला की ठणकतो.

अगदी बरोबर जागी आहे.