एका मिनिटातले श्वास

जुलैचा दुसरा रविवार, फी तीनशे रुपये. आगाशीच्या दवाखान्यात मी, बायको, आई आणि खोकून दमलेली आमची दोन वर्षांची लेक, एवढे होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर्दीच्या विषाणूने छातीत सूज आलीय. अँटिबायोटिक नको. झोपेत श्वास मोजा, मिनिटाला चाळिशीवर गेले तर लगेच आणा, ॲडमिट करू."

बाहेर आल्यावर आई करवादली, "एवढी शिकलेली, आनि साधं इंजेक्शन नाय दिलं!"

घरी मी मोजले तर अठ्ठावन्न. मी दवाखान्याची पिशवी भरू लागलो.

"अहो, रडतेय ती," बायको म्हणाली. "आधी झोपू तर द्या!"

झोपल्यावर पूर्ण मिनिट मोजले. अडतीस. सोमवारी चौतीस, बुधवारी अठ्ठावीस.

गुरुवारी बाईंनी छाती तपासून "सुटलात" म्हटलं. फेरतपासणीचे शंभर रुपये मी त्यांना आनंदाने दिले.