दगड खरवडणारे सर

रोह्याच्या कॉलेजातले एक सर कासू स्टेशनावर उतरून आमच्या ओढ्यावर येतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खिशात दात घासायचा ब्रश. त्या ब्रशने ते एकाच दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर खरवडतात आणि बाटलीत भरतात.

"हे शेवाळ हाय," मी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी चौथीत शाळा सोडली, पण शेवाळ मला कळतं.

"असू शकतं, आजोबा. याला डायटम म्हणतात. काचेच्या डबीत राहणारा बारीक जीव. कुठल्या जातीचा, ते अजून नक्की नाही."

दोन वर्षं झाली, नक्की नाहीच. काहीही विचारा, असू शकतं. डोकं फिरतं माझं.

गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी दरवर्षीसारखे ओढ्यातले दगड काथ्याने घासले, कुणाचा पाय घसरू नये म्हणून. यंदा त्यात सरांचाही दगड घासला. सर आले आणि कोरा दगड बघून पाण्यातच बसले. ती जात त्यांना दुसरीकडे कुठे मिळालीच नव्हती. भांडायला मी तयार होतो.

"बरोबर केलंत, आजोबा," एवढंच म्हणाले.

त्याचाच जास्त राग आला. हाताला धरून त्यांना वरच्या झऱ्यावर नेलं. तिथल्या दगडावर तसाच थर. "हाच का तुमचा जीव?"

"असू शकतं."

आता रोज सकाळी मी झऱ्यावर जातो, कुणी तो दगड धुऊ नये म्हणून. काल आमच्या म्हातारीने विचारलं, "त्या सरांसाठी राखण करताय व्हय?"

"असू शकतं," मी म्हटलं, आणि माझा मलाच राग आला.