दवावरची रेघ

सदर इसम, वय अठ्ठावन्न, पद हिरवळ-देखरेख कर्मचारी, बांधा जेमतेम. ओळखीची खूण: उजव्या गुडघ्यावर कायमचा ओला डाग. कर्तव्य: गोल्फ क्लबच्या सराव-हिरवळीवर रोज पहाटे सव्वाचार इंच व्यासाचा नवा होल पाडणे व जुना बुजवणे. वर्तणूक निर्दोष. सकाळी सहापूर्वी सदर हिरवळीवर कोणीही खेळत नाही, अशी नोंद वहीत रोज त्याच्याच सहीने होते.

क्लबात त्यांना सगळे मामा म्हणत. दोन मुठींचा पोलादी नळा गवतात दाबायचा, पिळायचा, वर आलेला मातीचा दंडा कालच्या होलात बसवायचा आणि पायाने चेपायचं. काल होल कुठं होता हे देवालाही ओळखता येऊ नये. मामांना मात्र येई, आणि तेच त्यांचं दुखणं होतं.

वकीलसाहेब रोज सातला येत. खेळायला निघण्याआधी चार फुटांवरून वीस चेंडू होलात ढकलायचे, हा त्यांचा नेम. पूर्वी वीसातले अठरा जात. गेल्या वर्षी हात थरथरू लागला आणि पाच जाऊ लागले. एके दिवशी एकही गेला नाही. साहेबांनी स्वतःच्या हाताकडे फितूर साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी होल कोपऱ्यातल्या खळग्यात पाडला. खळगा बशीसारखा, डोळे मिटून मारला तरी चेंडू घरंगळत आत. बाकीच्या सभासदांचेही चेंडू जाऊ लागले, पण चेंडू गेल्यावर कारण विचारणारा खेळाडू अजून जन्मायचाय.

“मामा, हात परत आला बघा!”

“येणारच की साहेब. जातो कुठं?”

एकवीस दिवस मामांनी होल हलवला नाही. वहीत रोज ‘नवा पाडला’ असं लिहिलं. बाविसाव्या दिवशी साहेबांनी क्लबच्या स्पर्धेत नाव दिलं. शेवटच्या होलवर तीन फूट उरले होते, भोवती सगळा क्लब उभा. पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्याला कुणीतरी हसलं. साहेब सगळ्यांशी हात मिळवून घरी गेले ते पुन्हा आले नाहीत. अकराव्या दिवशी वारले.

मामांनी खळग्यातला होल बुजवला. तेव्हापासून पहाटे दव झाडायला मामा बांबू घेऊन येत, तेव्हा दवावर एक रेघ असे. चार फुटांवरून निघालेली, वळून खळग्यातल्या बुजवलेल्या होलावर थांबलेली. आजूबाजूला पाऊल नाही.

“सरडा असेल,” मामी म्हणाल्या.

“सरडा असा वळसा घालून जाईल?”

“तुम्ही नाही का भाजी आणायला निघून चौकातून येत?”

मामा रेघ झाडून टाकत आणि वहीत लिहीत: हिरवळ कोरी.

साहेबांच्या स्मरणार्थ स्पर्धा होती, त्या सकाळी त्यांची मुलगी आली. हातात साहेबांचाच पटर, चेंडू होलात ढकलायची काठी.

“मामा, होल खळग्यात पाडा ना. बाबा म्हणायचे, तिथं हात बसतो.”

“आज उतारावर पाडलाय, ताई.”

“असू दे.” ती पटरची मूठ चोळत राहिली. “आई हा द्यायलाच तयार नव्हती. त्या शेवटच्या होलवर मीच ओरडले होते ना, ‘बाबा, हा तर झोपेतही जाईल!’ त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मग मारला. घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहितीये.”

मामा गप्प बसले असते तर निवृत्तीपर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नसतं. त्यांनी खिशातून एक चेंडू काढला, खळग्याच्या काठावर ठेवला आणि नुसता हात काढून घेतला. चेंडू आपण होऊन घरंगळला आणि बुजवलेल्या होलावर जाऊन थांबला.

“इथं होता, ताई. एकवीस दिवस. मुद्दाम.”

ताईने चेंडू उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. मग तिसऱ्या. तो दर वेळी तिथंच जाऊन थांबला.

“म्हणजे माझ्या ओरडण्यानं नाही.”

“नाही. माझ्यानं.”

“तुम्ही त्यांना फसवलंत.”

“हो.”

“आणि घरी येऊन ते शीळ घालायचे,” ती म्हणाली.

ती उताराकडे गेली. दहा चेंडू मारले, चार गेले. लहानपणापासून ती जाताना ‘येते हं मामा’ म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दव जाड पडलं होतं. खळगा कोरा होता. रेघ उतारावर होती. मामांनी बांबू बाजूला ठेवला. झाडलं नाही, वहीही उघडली नाही.

रेघ होलच्या डावीकडून चार बोटं सोडून गेली होती.