आत्याचं दाट रक्त

बोईसरच्या बाजारात माझ्या आत्याच्या शब्दाला जेवढी किंमत आहे तेवढी आमदाराच्याही शब्दाला नसेल, आणि या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर मनापासून जळतो. मी पत्रकं लिहून वाटणारा माणूस. पाण्यावर लिहिलं, रस्त्यांवर लिहिलं, कामगारांच्या पाळ्यांवर लिहिलं. लोक घडी करून खिशात घालतात आणि पुढे जातात. आत्या मात्र सुक्या मासळीच्या ढिगामागे, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून (एकटी खुर्ची तिला पेलत नाही), सकाळी जी बसते ती बाजार उठेपर्यंत हलत नाही. बसल्या जागी लग्नं जुळवते, भांडणं मिटवते, कारखान्यातल्या पोरांना बोंबील कसे भाजायचे ते स्वतःच्या हिंदीत शिकवते. "मौसी ने बोला तो बोला," म्हणत ती पोरं जातात. माझ्या पत्रकाबद्दल असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

मागे मी तिला आणि माझ्या बाबांना, म्हणजे तिच्याइतक्याच अवाढव्य धाकट्या भावाला, तपासायला पालघरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "वजन इतकं वाढलं की रक्त दाट होतं. तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, बारीक नळ्यांतून रक्त सावकाश सरकतं. बायकांचं रक्त मुळात पुरुषांपेक्षा जरा पातळ असतं, पण एवढ्या वजनापुढे ती सवलत पुरत नाही."

मी घाबरून बसलो. आत्या खुलली. तिच्या घरी पातळ कालवण म्हणजे बाईची बेअब्रू. तिने विचारलं, "दाक्तर, माजं जास्त दाट, का याचं?"

"त्यांचं, थोडंसं."

आत्याचा चेहरा पडला. घरी येईपर्यंत ती बाबांशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात मात्र तोरा कायम: "माजं रगत दाट हाय, तुमच्यासारकं पानचट नाय!" सगळ्या बाजाराने टाळ्या वाजवल्या. साफ चुकीचं बोलून टाळ्या! मी त्याच आठवड्यात याच विषयावर अचूक पत्रक काढलं. तिला वाचून दाखवलं. तिने ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "समदं खरं हाय रे पोरा, पन मजा नाय."

मग तिचे पाय सुजले. डॉक्टरांनी या वेळी हसून सांगितलं नाही. पायात रक्ताची गुठळी अजून नव्हती. पण आत्या अशीच बसून राहिली तर होईल, आणि ती गुठळी छातीत पोचली तर आपल्या हातात काही राहणार नाही. रोज चालायलाच हवं. मी विनवलं, भांडलो, चारचौघांत रडलोसुद्धा. "मी चालाया गेले तर धंद्यावर कोन बसंल? तुजं पत्रक?" एवढंच उत्तर मिळालं.

बाबा तेवढे निमूट चालू लागले. काही महिन्यांनी बाजारात शेजारी सुका जवळा विकणारी बाई आत्याला सहज म्हणाली, "तुजा भाऊस कसा तरतरीत दिसतो गो आता!" झालं. दुसऱ्या सकाळी आत्या आमच्या दारात उभी. "चल रे! तुजा बापूस माज्या फुडं जातो काय!" माझ्या सगळ्या शब्दांना जे जमलं नाही, ते बाबांच्या उतरलेल्या पोटाने केलं. त्या पोटाचाही मी मत्सर केला.

तिची अट एकच होती: खुर्च्या बरोबर हव्यात. तेव्हापासून रोज पहाटे, बाजार भरण्याआधी, आमच्या केळव्याच्या किनाऱ्यावर ही दोन भावंडं एकमेकांना मागे टाकण्याच्या ईर्ष्येने डुलत चालतात आणि मागे मी, डोक्यावर दोन खुर्च्या. सुरुवातीला नांगरलेल्या होडीपाशीच हाक यायची, "ठेव रे!" मग सुरूच्या झाडांपाशी. घामाघूम होऊन ती बसायची, माझा हात धरायची आणि मला वाटायचं, निदान इथे तरी माझ्यावाचून तिचं अडतं.

काल सुरूची झाडं मागे पडली. हाक आली नाही. "आत्या, बसतेस काय?" मी ओरडलो. तिने न वळता नुसता हात हलवला. बाबांना काहीतरी सांगून ती मोठ्याने हसत होती.

मी खुर्च्या वाळूत ठेवल्या आणि त्या दोघांच्या पाठी लहान होईपर्यंत स्वतःच त्यांवर बसून राहिलो.